बहात्तर तास चाळीस मिनिटं: पावसात बंद केलेल्या एका वीजनिर्मिती संचाचं प्रकरण

हे प्रकरण अलीकडच्या एका ऑगस्टमधलं. वितरण कंपनीचं, राज्याचं, वीजकेंद्रांचं नाव देत नाही. मेगावॅट आणि रुपयांचे आकडे गोल केले आहेत, काही बदललेही आहेत. पण त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवलंय, कारण सगळा निर्णय त्या प्रमाणावरच उभा होता. मी तेव्हा कंपनीच्या शेड्यूलिंग कक्षात होते. निर्णयाच्या टिपणावर चौघांच्या सह्या आहेत, त्यात माझीही आहे.

पार्श्वभूमी

वितरण कंपनीला दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडून, कुठल्या ब्लॉकमध्ये कुठल्या केंद्राकडून किती वीज घेणार हे आधी कळवावं लागतं. यालाच शेड्यूल म्हणतात. कोणाकडून आधी घ्यायची हे ठरतं मेरिट ऑर्डरवर: ज्याचा बदलता खर्च, म्हणजे मुख्यतः कोळशाचा खर्च, सगळ्यात कमी तो वर, जास्त तो खाली. मागणी वाढली की यादीत खाली उतरायचं, घटली की तळापासून एकेकाला कमी करत वर यायचं.

ही पद्धत सोपी आहे, पारदर्शक आहे, आणि बहुतेक दिवस तिचं उत्तर बरोबर असतं. अडचण येते ती पावसाळ्यात.

आमच्या कंपनीची ऑगस्टमधली नेहमीची कमाल मागणी ५,८०० मेगावॅटच्या आसपास. त्यात शेतीपंपांचा वाटा मोठा. सलग चार दिवस झड लागली की शेतकरी पंप बंद ठेवतो, घरातले पंखे-कूलर थांबतात आणि मागणी ४,३०० वर येते. रात्री आणखी खाली. नेमक्या त्याच दिवसांत पवनचक्क्या जोरात असतात, कारण पश्चिम भारतात वाऱ्याचा हंगामच जून ते सप्टेंबर. पवनवीज मस्ट-रन, ग्रिडच्या सुरक्षेचा प्रश्न आल्याशिवाय ती कमी करता येत नाही. धरणं भरलेली असतात, दरवाजे उघडलेले असतात, त्यामुळे धरणाच्या पायथ्याचं जलविद्युत केंद्रही पूर्ण क्षमतेवर चालतं. पाणी तसंही खाली सोडायचंच आहे, तर ते टर्बाइनमधून का नको?

म्हणजे गरज सगळ्यात कमी असते तेव्हा फुकटची आणि टाळता न येणारी वीज सगळ्यात जास्त असते. उरलेला भार कोळशाच्या संचांवर, आणि कोळशाचा संच हवा तितका खाली येत नाही. त्याला टेक्निकल मिनिमम असतं, क्षमतेच्या ५५ टक्के. त्याखाली भट्टीतली ज्योत स्थिर राहत नाही, तेल जाळून तिला आधार द्यावा लागतो.

अडचण

त्या शुक्रवारी दुपारी चारच्या बैठकीत आमच्यासमोर चित्र असं होतं. सगळे कोळसा संच टेक्निकल मिनिममवर आणले तरी रात्री ११ ते पहाटे ५ या सहा तासांत २०० मेगावॅट वीज जास्त होत होती. पवनवीज १,१०० मेगावॅट. पावसाचा अंदाज सोमवारपर्यंतचा, मंगळवारपासून उघाड.

यादीच्या तळाशी दोन केंद्रं होती. ‘अ’ केंद्राचा ५०० मेगावॅटचा एक संच, बदलता खर्च युनिटला ४ रुपये १० पैसे. ‘ब’ केंद्राचे २५० मेगावॅटचे दोन संच, खर्च ४ रुपये ४० पैसे. त्यांच्या वरच्या, अर्धवट भारावर चालणाऱ्या संचांची वीज ३ रुपये ४० पैशांना पडत होती. रात्री बाजारात वीज विकली तर २ रुपये २० पैसे मिळतील असा आमचा कयास.

मेरिट ऑर्डरप्रमाणे उत्तर सरळ होतं: ‘ब’चे दोन्ही संच बंद. दोघांचं टेक्निकल मिनिमम मिळून २७५ मेगावॅट, २०० ची अडचण सुटते, शिवाय सगळ्यात महाग वीज जाते. पण ‘ब’ केंद्र एका मोठ्या शहराच्या उशाशी आहे. त्या शहराला वीज नेणाऱ्या दोन २२० केव्ही वाहिन्यांपैकी एकीच्या मनोऱ्याचा पाया त्या आठवड्यात पुरात खचला होता. उरलेली वाहिनीही गेली आणि ‘ब’चा एकही संच चालू नसेल, तर शहर अंधारात. राज्याच्या ग्रिडवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्रानं स्पष्ट सांगितलं: वाहिनी परत येईपर्यंत ‘ब’चा एक संच चालूच हवा.

यादीला हे दिसत नाही. यादीत संचाचा पत्ता नसतो, फक्त भाव असतो.

पर्याय

कागदावर पाच पर्याय आले.

काहीच बंद न करता जादा वीज बाजारात तोट्यात विकणं हा पहिला. जलविद्युत कमी करून पाणी टर्बाइनला वळसा घालून सोडणं हा दुसरा. तो लगेच बाद झाला: पाणी फुकट असलं तरी ते नुसतं सोडून दिलं तर २ रुपये २० पैसेही हातात येत नाहीत. ‘ब’चे दोन्ही संच बंद करणं हा तिसरा, तो वर सांगितलेल्या कारणानं गेला. घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र आहे तसं काही आमच्या हाताशी असतं, तर रात्रीच्या जादा विजेवर पाणी वर चढवून हा सगळा पेच टळला असता. नव्हतं.

पहिला पर्याय तुलनेपुरता ठेवला. त्याच्यासमोर उरले दोन. ‘ब’चा एक संच बंद करायचा आणि उरलेली साठेक मेगावॅट वीज विकायची. किंवा ‘अ’चा ५०० चा संच बंद करायचा: त्याचं टेक्निकल मिनिममही २७५, अडचण पुरती सुटते.

संच बंद करणं म्हणजे दिवा मालवणं नव्हे. गावाकडची चूल आठवा. राखेखाली निखारा असेल तर फुंकणीनं दोन मिनिटांत पेटते. रात्रभर विझलेली असेल तर काटक्या, रॉकेल, धूर, अर्धा तास. बॉयलर-टर्बाइनचंही तसंच. बंद होऊन १० तास झाले नसतील तर हॉट स्टार्ट, १० ते ७२ तासांत वॉर्म, ७२ च्या पुढे कोल्ड. टर्बाइनचं धातू जितकं गार, तितकं त्याला सावकाश तापवावं लागतं, नाहीतर रोटर वाकतो. आणि तितकं तेल जास्त जळतं. नियामकाच्या तक्त्यात ५०० मेगावॅटच्या संचाला वॉर्म स्टार्टसाठी ५० किलोलिटर तेल धरलंय, कोल्डसाठी ९०. २५० च्या संचाला ३० आणि ५०. आमच्या हिशेबात तेलाचा भाव किलोलिटरला ५० हजार रुपये. म्हणजे ‘अ’ वॉर्म सुरू झाला तर २५ लाख, कोल्ड झाला तर ४५ लाख. ‘ब’चा एक संच १५ किंवा २५ लाख.

खर्चाची ही पायरी साध्या यादीत कुठेच बसत नाही. यादी प्रत्येक ब्लॉककडे सुटं पाहते. संच बंद करण्याचा निर्णय मात्र पुढच्या तीन दिवसांवर एकदम पसरलेला असतो.

मॉडेलनं काय पाहिलं

यासाठी आमच्याकडे युनिट कमिटमेंटचं मॉडेल होतं, गणिताच्या भाषेत मिक्स्ड इंटिजर लिनिअर प्रोग्राम. प्रत्येक संचाला प्रत्येक ब्लॉकमध्ये एक शून्य-एकची खूण: बंद की चालू. चालू असेल तर किती मेगावॅट, हे वेगळं चल. ३० संच, तीन दिवसांचे २८८ ब्लॉक, म्हणजे ८,६४० नुसत्या शून्य-एकच्या खुणा. मग बंधनं: प्रत्येक ब्लॉकमध्ये पुरवठा मागणीइतका हवा, संच टेक्निकल मिनिमम आणि कमाल क्षमतेच्या मध्येच राहील, मिनिटाला ठरावीक मेगावॅटपेक्षा वेगानं चढणार-उतरणार नाही, एकदा बंद झाला की किमान इतके तास बंद राहील, ‘ब’चा एक संच चालूच राहील. या चौकटीत राहून एकूण खर्च कमीत कमी करायचा.

शून्य-एकच्या खुणांमुळेच हे गणित अवघड होतं. सगळे संच चालूच धरले, तर प्रत्येकाला किती मेगावॅट द्यायचं हा प्रश्न सोपा आहे, एका युनिटचा वाढीव खर्च सगळीकडे सारखा येईपर्यंत भार इकडचा तिकडे सरकवायचा. कोण चालू आणि कोण बंद हे ठरवायचं असलं की पर्यायांची संख्या आवाक्याबाहेर जाते. सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारी संगणकप्रणाली, मग फांद्या पाडतो आणि ज्या फांदीचं सर्वोत्तम उत्तरही आतापर्यंत सापडलेल्या उत्तरापेक्षा महाग, ती अख्खी छाटतो. आमच्या संगणकावर या कामाला सहा-सात मिनिटं लागत. देशपातळीवर आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी एप्रिल २०१९ पासून असंच इष्टतमीकरण चालतं, पण तिथे सुरुवात झाली ती चालू संचांमध्ये भार वाटण्यापासून.

मॉडेलनं दिलेलं उत्तर मी हातानंही तपासलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

‘अ’ बंद केला तर रात्रीच्या सहा तासांत त्याची साडेसोळा लाख युनिटं वाचतात, ६७ लाख ६५ हजारांची. बाजारातल्या विक्रीचे २६ लाख ४० हजार बुडतात, आणि कमी पडणाऱ्या ७५ मेगावॅटसाठी वरच्या स्वस्त संचांना १५ लाख ३० हजार द्यावे लागतात. निव्वळ बचत सुमारे २६ लाख. उरलेल्या अठरा तासांत साडेएकोणपन्नास लाख युनिटांवर युनिटला ७० पैसे (४ रुपये १० आणि ३ रुपये ४० मधला फरक), साधारण साडेचौतीस लाख. दिवसाला ६० लाख. तीन दिवसांचे १ कोटी ८०, त्यातून वॉर्म स्टार्टचे २५ लाख वजा: १ कोटी ५५ लाख.

‘ब’चा एक संच बंद केला तर याच रीतीनं दिवसाला ४३ लाख, तीन दिवसांचे १ कोटी २९, स्टार्टचे १५ वजा: १ कोटी १४ लाख.

‘अ’ ४१ लाखांनी पुढे.

पहिलं वळण: शुक्रवार संध्याकाळ

बैठकीत एकच हरकत आली, ती आमच्या सगळ्यात ज्येष्ठ शिफ्ट अभियंत्यांची. त्यांनी आकड्यांवर वाद घातला नाही. म्हणाले, “पाचशे बाहेर गेल्यावर हातात काय उरतं ते सांगा.” जलविद्युत आधीच पूर्ण भारावर होती, म्हणजे वर चढवायला जागा नाही. कोळशाचे बाकीचे संच वर जाऊ शकत होते, पण संध्याकाळच्या मागणीत त्यांची बरीच जागा आधीच धरलेली होती. मॉडेलमध्ये राखीव क्षमतेचं बंधन होतं, ते सगळ्यात मोठा चालू संच अचानक पडला तर काय, एवढ्यापुरतं. पाऊस एक दिवस आधी उघडला तर काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

या एका मुद्द्यावर थांबायला हवं, कारण चूक इथे आहे. पाऊस उघडला की तीन गोष्टी वेगवेगळ्या घडत नाहीत, एकदम घडतात. शेतीपंप सुरू होतात, ऊन पडून पंखे-एसी वाढतात, आणि मान्सूनचा जोर ओसरला म्हणून वाराही पडतो. मागणी वर, पवनवीज खाली, एकाच दुपारी. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसानं देशभर दडी मारली, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला तो, आणि सप्टेंबरमध्ये देशाची कमाल मागणी २४३ गिगावॅटवर गेली. हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या मॉडेलमध्ये मात्र मागणीचा अंदाज एका फाइलमधून येत होता आणि वाऱ्याचा दुसऱ्या. दोन्ही फाइलींतल्या चुका एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

साहेबांची हरकत टिपणात एका ओळीत नोंदवली गेली. ४१ लाखांचा फरक समोर होता. सह्या झाल्या. शुक्रवारी रात्री ११ वाजता ‘अ’ ग्रिडपासून सुटला.

दुसरं वळण: रविवार संध्याकाळ

शनिवार ठरल्याप्रमाणे गेला. रविवारी दुपारपर्यंतही.

साडेचारला आमच्यातला एक सहकारी, पवनवीज पाहणारा, खुर्ची मागे ढकलून म्हणाला, “वारा पडतोय.” त्याच्या पडद्यावर सकाळी ११०० असलेली रेघ ८०० वर आली होती. रडारच्या चित्रात किनाऱ्यापासून घाटापर्यंत ढगांची पट्टी फाटलेली दिसत होती. बाहेर खिडकीतून पाहिलं तर चार दिवसांत पहिल्यांदा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेले. मला ते कपडे आजही दिसतात.

आम्ही मॉडेल पुन्हा चालवलं. उत्तर आलं: ‘अ’ बंदच ठेवा, सोमवारी रात्री आणा.

ते उत्तर चुकीचं नव्हतं. प्रश्न शिळा होता. मागणीचा अंदाज दिवसातून एकदा, सकाळी नऊला अद्ययावत व्हायचा, आणि रविवारी तो विभाग बंद. म्हणजे मॉडेल रविवारी संध्याकाळी चाललं ते शनिवारी सकाळच्या मागणीवर. वाऱ्याची फाइल तेवढी ताजी होती. त्या ३०० मेगावॅटच्या घटीला उरलेल्या संचांनी सहज पेललं, म्हणून मॉडेल निवांत होतं.

त्या क्षणी पर्याय दोन होते. सहा वाजता ‘अ’ला सुरू करायला सांगायचं आणि तिसऱ्या दिवसाची बचत सोडायची. किंवा सोमवारी सकाळी ताजा अंदाज येईपर्यंत थांबायचं. रविवार होता, मागणी तशीही कमी, वरिष्ठांना फोन करून “मॉडेल नको म्हणतंय पण आम्हाला वाटतं” असं सांगावं लागलं असतं. आम्ही थांबलो. याची जबाबदारी मी माझ्यावर घेते. त्या संध्याकाळी शिफ्टची प्रमुख मीच होते.

सोमवार

सकाळी सहाला अंदाजाची वाटही पाहावी लागली नाही. मागणी शनिवारच्या अंदाजापेक्षा ३५० मेगावॅट वर होती आणि चढत होती. ‘अ’ केंद्राला फोन लावला: लाइट-अप करा, म्हणजे बॉयलर पेटवा. नियोजनात लाइट-अपपासून सिंक्रोनाइझ व्हायला, म्हणजे ग्रिडला जोडला जायला, आठ तास धरले होते. म्हणजे दुपारी दोन. संध्याकाळच्या शिखराच्या आत पूर्ण भार.

पलीकडे थोडी शांतता. मग: “मॅडम, एअर प्रीहीटर उघडलाय. संच बंदच होता म्हणून वॉशिंग काढलं. पाच तास तरी लागतील.”

यात त्यांची चूक काढणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. संच बंद असताना अडलेली कामं उरकणं ही कुठल्याही केंद्राची रीत आहे, चांगली रीत आहे. एअर प्रीहीटर, म्हणजे भट्टीत जाणारी हवा आधी तापवणारा भाग, राखेनं चोंदलेला असेल तर संच पूर्ण भार घेतच नाही. आम्ही शुक्रवारी पाठवलेल्या निरोपात “सोमवारी रात्रीपर्यंत बंद” एवढंच होतं. “किती तासांच्या सूचनेवर परत हवा” हे कुठेच नव्हतं. त्यांनी कळवायला हवं होतं, आम्ही विचारायला हवं होतं.

पाचाचे नऊ तास झाले. लाइट-अप दुपारी तीनला.

दिवसभरात पवनवीज ४५० वर आली. मागणी शुक्रवारच्या अंदाजापेक्षा ७०० मेगावॅट जास्त. रिअल-टाइम बाजार जून २०२० पासून सुरू आहे, दर अर्ध्या तासाला लिलाव होतो, तासाभरात वीज मिळते. याच सोयीच्या भरवशावर आम्ही रविवारी थांबलो होतो. पण त्या दिवशी पाऊस आमच्या एकट्याच्या राज्यात उघडला नव्हता. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सगळेच खरेदीला उभे, भाव कमाल मर्यादेला, युनिटला १० रुपयांना चिकटलेला. चार तास सरासरी ३०० मेगावॅट मिळाली. मागितली तितकी मिळाली नाही.

सव्वासातला ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.८४ हर्ट्झ होती, ४९.९० ते ५०.०५ या ठरलेल्या पट्ट्याच्या खाली. अशा वेळी ठरल्यापेक्षा जास्त ओढणं म्हणजे दंड तर आहेच, पण आपल्या चुकीचं ओझं सगळ्या ग्रिडवर टाकणंही आहे. भार प्रेषण केंद्राचा आदेश आला. १२० मेगावॅटचे फीडर काढले, म्हणजे तेवढ्या भागांची वीज तोडली, तीन ब्लॉक, ४५ मिनिटं. त्यात एका तालुक्याच्या गावाच्या पाणीपुरवठ्याचा पंप होता. नळाची वेळ साडेसातची.

‘अ’ रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ग्रिडला जोडला गेला. बंद झाल्यापासून ७२ तास ४० मिनिटं. त्या चाळीस मिनिटांनी वॉर्मचा कोल्ड झाला आणि तेलाचं बिल २५ वरून ४५ लाखांवर गेलं.

हिशेब

पहिल्या दोन दिवसांची बचत १ कोटी २० लाख, रविवार रात्र ते सोमवारची साधारण २० लाख. त्यातून कोल्ड स्टार्टचे ४५ लाख. बाजारातून घेतलेल्या १२ लाख युनिटांना ‘अ’च्या विजेपेक्षा ५ रुपये ९० पैसे जास्त मोजले, ते ७१ लाख. हातात राहिले २४ लाख. १ कोटी ५५ च्या जागी. शिवाय ४५ मिनिटांचं भारनियमन, ज्याची किंमत या बेरजेत नाही.

‘ब’चा एक संच बंद केला असता तर त्याच हवामानात? दोन दिवसांचे ८६ लाख, पुढचे १५, स्टार्टचे १५ वजा: ८६ लाख. ‘अ’ चालू असल्यानं संध्याकाळी खरेदी नाही, फीडर काढणं नाही.

चौकशीच्या बैठकीत यावरून लगेच निष्कर्ष निघाला की शुक्रवारचा निर्णयच चुकीचा. मला तो पटला नाही, आजही पटत नाही. पाऊस कसा वागला हे कळल्यावर निर्णय तोलणं योग्य नाही. शुक्रवारी जे कळू शकत होतं त्यावर तोलायला हवं. म्हणून मी दुसरा हिशेब मांडला. पाऊस अंदाजाप्रमाणे राहिला तर ‘अ’ १५५ लाख देतो, ‘ब’ ११४. लवकर उघडला तर ‘अ’ २४ देतो, ‘ब’ ८६. लवकर उघडण्याची शक्यता किती असली म्हणजे दोन्ही सारखे? उत्तर येतं ४० टक्के. त्याहून कमी असेल तर नुसत्या पैशांवर ‘अ’ बरोबर होता. भारनियमनाची काही किंमत धरली तर हा उंबरठा आणखी खाली येतो.

शुक्रवारी आमचा खरा प्रश्न हा होता: सोमवारच्या आत उघडण्याची शक्यता चाळीसपेक्षा जास्त की कमी? तो आम्ही कोणालाच विचारला नाही. हवामानाचा अंदाज आला, त्यातली एकच ओळ आम्ही मॉडेलला दिली आणि बाकीची शंका टाकून दिली.

रविवारचं तसं नाही. सहा वाजता फोन केला असता, तर केंद्राचा उघडा एअर प्रीहीटर तेव्हाच कळला असता. नऊ तास लागूनही संच सोमवारी दुपारी वॉर्म स्टार्टवर ग्रिडला असता, आणि १२० मधून २५ जाऊन ९५ लाख हातात राहिले असते. रविवारच्या त्या थांबण्याची किंमत ७१ लाख. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय तो होता, आणि टिपणात तो निर्णय म्हणून नोंदवलेलाच नाही, कारण आम्ही “काही केलं नाही”.

नंतर काय बदललं

मॉडेल फेकलं नाही, त्याला देण्याची माहिती बदलली. आता एका अंदाजाऐवजी पाच देतो: पाऊस ठरल्याप्रमाणे, एक दिवस आधी उघडला, दोन दिवस आधी, एक दिवस लांबला, आणि मध्येच दोन प्रहर उघडून पुन्हा लागला. प्रत्येकात मागणी आणि वारा जोडीनं, गेल्या दहा पावसाळ्यांतल्या खऱ्या दिवसांवरून उचललेले. कोण बंद करायचा हे पाचांसाठी मिळून एकच ठरतं, भार किती हे प्रत्येकात वेगळं. गणित पाचपट मोठं झालं. सहा-सात मिनिटांच्या जागी आता पाऊण तास लागतो, म्हणून बैठक चारऐवजी पाचला होते.

मागणीचा अंदाज रविवारीही येतो, दर सहा तासांनी. बंद करायला सांगताना केंद्राला परतीची सूचना किती तासांची हे लिहून देतो, आणि कुठलंही काम उघडण्याआधी ते आम्हाला विचारतात. मॉडेलमध्ये त्या कामाचा वेळ सुरू होण्याच्या वेळेत मिळवला जातो. ७२ तासांची पायरी जवळ आली की आठ तास आधी पडद्यावर लाल पट्टी येते.

एक गोष्ट मात्र झाली नाही. “दर आठ तासांनी, संच बंद ठेवायचा हाही निर्णय समजून त्यावर कोणीतरी सही करावी” असं मी सुचवलं होतं. जास्तीची कागदपत्रं म्हणून ते मागे पडलं. मी माझ्या शिफ्टला ते वहीत करायला लावते.

त्याच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा झड लागली. शहराची वाहिनी अजून दुरुस्त व्हायची होती, चित्र जवळजवळ तेच. हवामानाचं काम पाहणाऱ्यांना या वेळी शक्यताच विचारली. त्यांनी सांगितलं, लवकर उघडण्याची निम्मी-निम्मी. आम्ही ‘ब’चा एक संच बंद केला, ‘अ’ चालू ठेवला. पाऊस उघडला नाही, तीन दिवस ठरल्याप्रमाणे पडला. ‘अ’ बंद केला असता त्यापेक्षा ४१ लाख कमी वाचले. वित्त विभागानं लेखी खुलासा मागितला. आम्ही या वेळच्या निर्णयाचं टिपण जसंच्या तसं जोडून पाठवलं, शक्यतेच्या आकड्यासकट.